अकरा एकं आणि माझी बाकी

खंडारे सरांना वर्गात मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे. सहावीचा पहिला दिवस होता आणि सर फळ्यावर एक लिहीत होते. एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, असे अकरा एक त्यांनी लिहिले, हाताचा खडू झटकला आणि वळून म्हणाले, "वाचा." मी बोटाने उजवीकडून घरे मोजत गेले आणि उभी राहून म्हणाले, "अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा." सरांनी माझ्याकडे नीट पाहिले.

"मळ्यातल्या राऊताची का तू?"

"हाव."

"बस खाली. तुह्या हाताले गणित आहे."

या एका वाक्यावर मी पुढे कित्येक महिने मान वर करून चालले. आमचे गाव सुलतानपूरच्या अलीकडे, मेहकरच्या रस्त्याला. शाळा सातवीपर्यंत. आमच्या घरी वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर. शाबासकी मिळायची ती भाजीच्या जुड्या सारख्या बांधल्या तर. हाताला गणित आहे असे आमच्या घराण्यात कोणाला कोणी म्हटलेले नव्हते.

आदरणीय विश्वनाथ खंडारे सर यंदा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी 'सरांची संख्या आणि तिचे गणिती गुणधर्म' असा विषय गौरव समितीने माझ्याकडे सोपवला. मी खामगावला एका शाळेत मराठी शिकवते. गणिताशी माझे नाते सहावीतच तुटले. हे मी समितीचे चिटणीस दिगंबरभाऊ यांना स्वच्छ सांगितले. ते म्हणाले, "ताई, गणित सरांनी करून ठेवलं आहे. तुमाले फक्त चांगल्या भाषेत लिवायचं आहे." मला ते पटले. आज हा लेख मी पाचव्यांदा लिहायला घेतला आहे. आधीचे चार का फाडले ते पुढे येईलच. माझा सगळा गोंधळ झालेला आहे आणि तो लपवून लेख लिहिता येईल असे दिसत नाही.

ज्यांना सरांची संख्या ठाऊक नाही अशा वाचकांसाठी आधी ती सांगते. दिगंबरभाऊ सरांच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात होते. त्या वर्गात मूळ संख्या शिकवणे चालू होते. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय कोणीही पूर्ण भागत नाही ती. अकरा ही मूळ संख्या आहे असे सर म्हणाले, तेव्हा कोणीतरी विचारले, "सर, अकरा मूळ आहे, तर एकशे अकरा काऊन नाही?" एकशे अकराला तीन भागतो. मग वर्गाला चटकच लागली. चार एकांना अकरा भागतो. पाच एकांना एक्केचाळीस. सातांना दोनशे एकोणचाळीस, तो शोधायला म्हणे आठवडा गेला. आठ, नऊ, दहा एकं तर सहज फुटली. अकरा एकांपाशी मात्र गाडी अडली. काही केल्या फुटेना. सरांना त्या संख्येने धरले ते धरलेच.

आता सरांची पद्धत. सरांनी असे शोधून काढले होते की अकरा एकांना भागायचेच असेल तर ते काम फक्त ठरावीक मूळ संख्याच करू शकतात. ज्यांना बावीसने भागले की एक उरतो अशा. हे असे का, ते सरांनी आम्हाला फळ्यावर दोनदा समजावले. दोन्ही वेळा मला समजले आणि दोन्ही वेळा घरी पोचेपर्यंत गेले. या लेखासाठी मी तिसऱ्यांदा विचारले, तेही कालपर्यंत होते. तर अशा संख्यांची यादी सरांनी हाताने केली. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद अशी ती सुरू होते आणि एक लाख पाच हजारांच्या थोडी पुढे जाऊन थांबते. त्यापुढे बघायची गरज नाही, कारण दोन संख्यांच्या गुणाकाराने ती होत असेल, तर त्यांतली एक तरी त्याच्या आत सापडलीच पाहिजे. हे मात्र मला समजते.

यादीत हजाराच्या आसपास संख्या भरल्या. सरांनी ठरवले की सहावीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक संख्या द्यायची, हजेरीच्या क्रमाने. ती त्या मुलाची. त्याने अकरा एकांना तिने भागायचे आणि जी बाकी उरेल ती सरांना आणून द्यायची. भागाकार, मग ताळा, म्हणजे भाजकाला भागाकाराने गुणून त्यात बाकी मिळवायची आणि अकरा एकं परत येतात का ते पाहायचे. सर ताळा तपासत, लाल शाईने खूण करत आणि नोंदवहीत ओळ लिहीत. दुसऱ्याच्या संख्येला हात लावायचा नाही, हा नियम. शाळा सुटताना सरांचे ठरलेले वाक्य असे, "उद्या बाकी आणजा."

ही बाकी आमच्या गावाची ओळख झाली. दिगंबरभाऊंची संख्या तेवीस, बाकी दहा. आज त्यांचे मेहकरला हार्डवेअरचे दुकान आहे आणि दुकानाच्या नावाखाली त्यांनी 'तेवीस-दहा' रंगवून घेतले आहे. गिऱ्हाईक विचारते, हे काय. भाऊ सांगतात आणि गिऱ्हाईक अधिकच चक्रावते. लग्नाकार्यात अनोळखी माणूस भेटला आणि आमच्या शाळेचा निघाला, तर आम्ही आडनाव नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमची बाकी किती.

सरांची मूल्ये कोणती यावर समितीने स्वतंत्र परिच्छेद मागितला आहे. मी एक प्रसंग सांगते. सर बौद्धवाड्यातले. ते शाळेत आले तेव्हा गावात काही घरे अशी होती की सरांना ओसरीवर बसवून पाणी वरून ओतत. सरांनी त्याबद्दल कधी भाषण केले नाही. पण त्या घरांपैकी एका घरचा मुलगा सहावीत आला आणि त्याला मोठी, किचकट संख्या मिळाली. बौद्धवाड्यातल्या मुलीला त्याच्या मानाने सोपी. त्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "मास्तर, तेवढी बदलून द्या." सर म्हणाले, "भाऊ, संख्या बदलून भेटत नाही. जन्मासारखं आहे ते. पण हिची बाकी आणि त्याची बाकी वहीत एकाखाली एक येते, ते पाहून घ्या." त्यांनी वही पुढे केली. वडिलांनी ती पाहिली आणि गेले. पुढे त्याच माणसाने सरांना कपबशीतून चहा दिला, स्वतः जवळ बसून. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता माझी संख्या. सरांचे ते आठवे वर्ष होते आणि यादी पुढे सरकत माझ्यापर्यंत आली तेव्हा मला मिळाली २१६४९, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. मी घरी मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसून भागाकार केला. वर एकेक आकडा येत गेला, पाच, एक, तीन, दोन, तीन. शेवटी राहिले १९४८४१. त्यात २१६४९ किती वेळा जातो? नऊ वेळा. नवाने गुणले, आले १९४८४१. वजा केले. काहीच उरले नाही.

सरांनी बाकी आणायला सांगितली होती आणि माझ्याकडे बाकीच नव्हती. वर्गातल्या प्रत्येकाने काहीतरी आणले होते. आठ वर्षे प्रत्येकाने आणले होते. मीच एकटी चुकले. सरांच्या पुढे उभी राहून, सर, माझ्याजवळ काही नाही, असे म्हणायचे? हाताला गणित असलेल्या मुलीने? परत करून पाहायचे मला सुचले नाही; खरे सांगायचे तर धीर झाला नाही. मी शेवटची ओळ खोडली. नवाच्या गुणाकारात १९४८४१च्या जागी १९४८३४ लिहिले. सात उरले. सात ही मला चांगली संख्या वाटली. ताळ्यात पाच ओळी मांडल्या आणि बेरजेखाली सरळ अकरा एकं लिहून टाकली. अकरा एकं लिहायला काय लागते?

दुसऱ्या दिवशी वही घेऊन रांगेत उभी राहिले. सर प्रत्येकाचा ताळा बोट फिरवून पाहत होते. माझी पाळी आली. सरांनी बाकी वाचली, ताळ्याकडे पाहिलेही नाही आणि लाल खूण केली. वर्गाला म्हणाले, "हिचा ताळा काय पाहाचा?"

मुले हसली. मी जागेवर जाऊन बसले. त्या दिवसानंतर गणिताचा तास आला की मला तहान लागायची.

सातवीनंतर सुलतानपूरला हायस्कूल, मग बारावी. डी.एड.च्या अर्जासाठी बुलडाण्याला जायचे होते. माझ्या वडिलांना कचेरीचे काही कळत नव्हते. सर स्वतः एसटीने माझ्यासोबत आले. दिवसभर रांगेत माझ्या मागे उभे राहिले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, दोघांसाठी भाकर आणि झुणका दिला होता. सरांनी त्यांचा वाटा रांगेतल्या एका बाईच्या लहानग्याला दिला आणि मला सांगितले की आज त्यांना भूक नाही. परतताना त्यांनी विचारले, "विषय कोणता लिवला? गणितच ना?"

"मराठी, सर."

मी खिडकीबाहेर बघत बसले. चिखली आल्यावर ते म्हणाले, "चालते. मराठीतही ताळा असते. लिवलेलं परत वाचत जा." त्यांनी कारण विचारले नाही. विचारले असते तर त्या दिवशी मी सांगितले असते असे मला वाटते. कदाचित नसतेही सांगितले. इतक्या वर्षांनी काही नक्की सांगता येत नाही.

सर निवृत्त झाले त्या वर्षी यादी संपली. शेवटच्या मुलाने शेवटची बाकी आणली. गावात सत्कार झाला आणि सर उभे राहून म्हणाले, "हजार पोरांनी भागली. एकाच्यानंही गेली नाही. ही संख्या मूळ आहे." टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. मनातून मला माझी सात खोटी आहे हे माहीत होते, पण माझी समजूत अशी की खरी बाकी दुसरी काहीतरी असेल. मी भागाकारात चुकले म्हणून शून्य आले. सात नसेल तर सतरा असेल, सात हजार असेल. त्याने काय फरक पडतो? संख्या तर मूळच आहे. या समजुतीवर मी चाळीस वर्षांहून अधिक काळ झोपले आहे.

आणि मग हा लेख आला. गुणधर्म सांगायचे तर एक नमुन्याचा भागाकार द्यावा, असे वाटले. कोणाचा द्यायचा? दुसऱ्याच्या संख्येला हात लावायचा नाही. म्हणून माझीच घेतली. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून एका पुरवणीच्या पाठीवर भागाकार मांडला. शून्य आले. पुन्हा केला. शून्य. तिसऱ्यांदा पेन बदलून केला. शेवटी फोन काढला आणि त्याच्या कॅल्क्युलेटरमध्ये अकरा एकं भागिले २१६४९ असे टाकले. त्याने ५१३२३९ दाखवले आणि पुढे दशांश चिन्हही दाखवले नाही.

म्हणजे मी चुकलेच नव्हते. अकरावे वर्ष लागलेल्या मुलीने भागाकार बरोबर केला होता आणि मग तो चुकीचा करून सरांना दिला होता. सरांची संख्या मूळ नाही. ती तेव्हाच फुटली होती, आमच्या मोटारीच्या पायरीवर, आणि मी ती गुपचूप परत चिकटवली होती. माझ्यानंतर सातशे-साडेसातशे मुले वर्षामागून वर्षे भागत राहिली. आनंद व्हावा की काय व्हावे, मला कळेना. मी स्वयंपाकघरात गेले, कशाला आले ते आठवेना, परत आले.

दिगंबरभाऊंना फोन लावला. "भाऊ, पत्रिका छापायच्या आहेत का अजून?"

"छापून वाटूनही झाल्या. काऊन?"

"काय लिहिलं आहे त्यात?"

भाऊंनी वाचून दाखवले, "'अकरा एकांची संख्या मूळ आहे हे हजार विद्यार्थ्यांच्या हातून सिद्ध करणारे गुरुवर्य.' ग्रंथाच्या कव्हरवरही तेच घेतलं आहे. जमलं ना?"

"जमलं," मी म्हटले आणि फोन ठेवला.

आता माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. गप्प बसावे, तर ग्रंथ छापला जाणार आणि उद्या कोणीही शहाणा फोन काढून व्यासपीठासमोरच सरांना खोटे पाडणार. पंच्याहत्तराव्या वर्षी सरांचे हसे होणार आणि ते माझ्यामुळे. बोलावे, तर सरांनी आयुष्यभर सांभाळलेली एकमेव मिरवायची गोष्ट मी माझ्या हाताने काढून घ्यायची. आणि त्यासोबत 'हिचा ताळा काय पाहाचा' हेही. त्या आठवड्यात मी चार लेख लिहिले. चारांमध्ये संख्या मूळ होती. चारही फाडले. सरांनीच सांगितले होते, लिहिलेले परत वाचत जा. परत वाचले की हात पुढे जाईना.

रविवारी खामगावहून मेहकरची गाडी धरली, तिथून सुलतानपूर. सर आता तिथेच रस्त्याकडेच्या घरात राहतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून जाड चष्मा आहे. काकूंनी पाणी दिले. मी बसले आणि जे वाक्य गाडीत वीस वेळा घोळवले होते ते सोडून भलतेच म्हणाले, "सर, माही बाकी खोटी आहे."

सर म्हणाले, "किती लिवली होती?"

"सात."

"आन किती आहे?"

मी पुरवणीचा कागद पुढे केला. सरांनी तो वाचला, उलटा करून पाठीमागचा विद्यार्थ्याचा निबंध पाहिला, परत सुलटा केला. आत जाऊन नोंदवही घेऊन आले. वहीला खाकी कागदाचे कव्हर, त्यावर दुसरे कव्हर. माझी ओळ काढली. २१६४९, शोभा राऊत, बाकी ७, आणि शेजारी लाल खूण. सरांनी त्या खुणेवर बोट ठेवले.

मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि ताळा करायला बसले. माझ्या पर्समध्ये फोन होता. तो काढायची माझी छाती झाली नाही. सर हळूहळू ओळी मांडत होते. नवाने एक ओळ, चाराने एक, सहाने, एकाने, दोनाने. पाच ओळी झाल्या. मग बेरीज, मोठ्याने, वर्गात करायचे तशी. "एकक, एक. दशक, पाच आन सहा अकरा, एक लिवला, हातचा एक. शतक, एक, पाच, चार, दहा, हातचा धरून अकरा. एक लिवला." प्रत्येक घरात एक येत होता. अकरावा एक लिहून झाल्यावर सरांनी पेन खाली ठेवले.

"गेली ना," ते म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "काय गेलं?" मी रडत होते. सर, मी भ्याले, बाकी आणायची होती आणि बाकी नव्हती, सगळ्यांजवळ होती, माझ्याजवळच नव्हती, असे मी काहीबाही सांगत होते. सर ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"शोभा, मी रोज काय म्हणो?"

"उद्या बाकी आणजा."

"हाव. तीस-बत्तीस वर्षं म्हटलं. बाकी आणजा, बाकी आणजा. पोरीले शून्य आलं तर तिनं काय आणाचं, हे मी एकाही वर्गाले सांगितलं नाही. शून्य यावं म्हणूनच तर सारा खटाटोप करून राह्यलो होतो. आन तेच सांगाचं राहून गेलं." मग म्हणाले, "आन ताळाही पाह्यला नाही. ही खूण खोटी आहे. तुही सात एकटी खोटी नाही."

मी म्हटले, "सर, माझ्यामागून सातशे पोरं फुकट राबली."

"फुकट कायची? त्याईची बाकी खोटी आहे का? ज्याची त्याची खरी आहे." मग सर एकदम सावरून बसले आणि शिकवायलाच लागले. म्हणाले, आता प्रश्न असा की हे जे दोन तुकडे निघाले, २१६४९ आणि ५१३२३९, ते स्वतः पुढे फुटतात का? फुटत नाहीत. कारण त्यांना जो भागेल तो अकरा एकांनाही भागेल, आणि असा भागणारा सातशे सोळाच्या, म्हणजे मोठ्या तुकड्याच्या वर्गमुळाच्या, आतच शोधायचा. तेवढ्या आतल्या संख्या बाराच, आणि त्या पहिल्याच वर्षाच्या पहिल्या बारा पोरांनी भागून ठेवल्या आहेत. तेवीस दिगंबरची, सदुसष्ट, एकोणनव्वद, सगळ्यांना बाकी उरली आहे. म्हणजे संख्या मूळ नाही, पण ती बरोबर दोनच मूळ संख्यांची मिळून झाली आहे. सर म्हणाले, "दिगंबरच्या वर्गाचं काम आन तुहं काम, दोन्ही लागलं." समितीने मागितलेला गुणधर्म हाच. मला तो बराचसा समजला आहे.

सरांनी मला पेन दिले. मी वहीत सात खोडून शून्य लिहिले. सरांनी स्वतःच्या जुन्या खुणेवर आडवी रेघ मारली, काकूंकडून लाल पेन मागवून नवी खूण केली आणि म्हणाले, "उत्तर बरोबर. आणाले उशीर केला." मी विचारले, "सर, लेखात काय लिहू?" ते म्हणाले, "जसं झालं तसं लिव. आन परत वाच."

तसे लिहिले आहे. दिगंबरभाऊंना हे कळले तेव्हा त्यांनी आधी डोक्याला हात लावला, पत्रिकांचे काय म्हणाले, मग विचारले, "म्हणजे माह्या तेवीसचा उपयोग झाला म्हणता?" झाला म्हटल्यावर ते शांत झाले. कव्हरवरचे 'मूळ' बदलणार आहेत. पत्रिका गेल्या त्या गेल्या. सर म्हणतात, ज्यांच्या हाती पडल्या ते भागून पाहतील, चांगलेच आहे.

अमृतमहोत्सवाच्या दिवशी आम्ही सगळे हजेरीच्या क्रमाने उभे राहून आपापली संख्या आणि बाकी सांगणार आहोत. माझी पाळी येईल तेव्हा मला काय होईल ते मला सांगता येत नाही. एवढे माहीत आहे की मी शून्य म्हणणार आहे.

निघताना सर दारापर्यंत आले. म्हणाले, बारा एकं अकरानेच फुटतात, तेरा एकं त्रेपन्नने जातात, ते त्यांनी घरी बसून पाहिले. चौदा, पंधरा, सोळा सहज फुटतात. आता सतरा. तिथे बावीसच्या जागी चौतीस घ्यायचा, आणि सबंध यादी संपवायची तर सहावीचे एवढे वर्ग लागतील की हजारो वर्षे पुरायची नाहीत. त्यांच्या डोळ्यांत हिशेब चालू दिसत होता. उत्तर माझ्या फोनमध्ये असेलच. मी विचारलेले नाही. सरांच्या सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने माझी एवढीच इच्छा आहे की सतरा एकांचे काय होते ते कळेपर्यंत सरांनी धडधाकट राहावे, काकूंनी त्यांना वेळेवर जेवायला उठवावे, आणि नोंदवहीला तिसरे कव्हर लागावे.

सतरा एकांसाठी यादीतली पहिली संख्या सरांनी मला दिली आहे, एकशे तीन. काल केला भागाकार. बाकी सत्तावन्न. ताळा दोनदा केला आहे, सर. तरी तुम्ही तो पाहावा.